खोडदची दुर्बीण आणि आठ खणांचें रजिस्टर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालेला प्रवासी मंचर मागें टाकून नारायणगांवीं पोहोंचला आणि तेथून पूर्वेस खोडदकडे वळला, म्हणजे उसाच्या नि द्राक्षांच्या मळ्यांमधून पोलादी जाळीच्या प्रचंड तबकड्या एकाएकीं डोकें वर काढतात. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या मिळून जी दुर्बीण होते, तिला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, संक्षेपानें जीएमआरटी, असें नांव आहे. नभोवाणी हा शब्द आपण मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमांकरितां वापरतों. पण शब्दशः नभाची वाणी कोठें ऐकूं येत असेल, तर ती ह्या माळावर होय. दुर्बिणीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु तें बहुतेक तबकड्यांविषयीं आणि तारकांविषयीं आहे. दोहोंच्या मध्यें जो चाकरवर्ग रात्रंदिवस राबत आला, त्याची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. हा चाकरवर्ग माणसांचा नव्हे. तो नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांचा आहे, आणि त्यांच्यापाशीं बोलण्याची भाषा शून्य आणि एक ह्या दोनच अक्षरांची आहे.

आधीं थोडा पूर्वेतिहास. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांनीं निलगिरीच्या उतारावर उटीजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभी केली. ती १९७० सालीं कामास लागली. डोंगराचा उतार आणि त्या स्थळाचा अक्षांश ह्यांचा मेळ त्यांनीं असा घातला कीं, दुर्बिणीचा आंस पृथ्वीच्या आंसास आपोआप समांतर झाला. म्हणजे जें काम इतरत्र महागड्या यंत्रांनीं करावें लागतें, तें डोंगरानेंच करून दिलें. स्वरूपांच्या बुद्धीचा हा स्वभावच होता. १९८४ च्या सुमारास त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्याहून पुष्कळ मोठ्या दुर्बिणीची कल्पना मांडली. विश्वाच्या बाल्यावस्थेंतील हायड्रोजन वायूनें सोडलेल्या लहरी दीर्घ प्रवासांत ताणल्या जाऊन मीटरभर किंवा त्याहूनहि लांब होतात. त्या ऐकावयाच्या, ही मूळ आकांक्षा.

ह्या लांब लहरी ऐकण्यास जागा शांत हवी. शांतता म्हणजे येथें रेडिओलहरींची शांतता. मनुष्यांचा गोंगाट कितीहि झाला तरी चालेल. जुन्नर तालुक्यांतील खोडदचा परिसर पुण्यापासून फार दूर नाहीं आणि तरीहि डोंगरांच्या आडोशामुळें शहरी लहरींपासून बराच सुरक्षित आहे. शिवाय येथें बर्फ पडत नाहीं, आणि चक्रीवादळांची भीति किनाऱ्यापेक्षां कमी. त्यामुळें तबकडी हलकी करतां आली. भरीव पत्र्याऐवजीं दोरांवर ताणलेली बारीक पोलादी जाळी वापरण्याची युक्ति येथें योजिली गेली. १४ तबकड्या मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत दाटीनें उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन भुजांवर पांगलेल्या असून त्यांपैकीं एक भुजा दक्षिणेस आंबेगावच्या दिशेनें जाते. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. ४ ऑक्टोबर २००१ रोजीं रतन टाटा ह्यांच्या हस्तें ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण करण्यांत आली, आणि २००२ पासून जगांतील कोणत्याहि देशाच्या संशोधकास तिच्यावर वेळ मागण्याची मुभा मिळाली.

आतां प्रश्न असा कीं, पंचवीस किलोमीटरांत विखुरलेल्या तीस कानांनीं एकाच क्षणीं एकाच ताऱ्याकडे वळावें हें घडतें कसें? प्रत्येक तबकडीस दोन दिशांनीं फिरावें लागतें: क्षितिजाच्या अंगानें मिनिटास ३० अंशांपर्यंत आणि उंचीच्या अंगानें मिनिटास २० अंशांपर्यंत. केंद्रबिंदूपाशीं निरनिराळ्या लांबीच्या लहरींकरितां निरनिराळे ग्राहक एका फिरत्या चौकटीवर बसविलेले आहेत. जी लहर हवी तो ग्राहक समोर आणावा लागतो. ध्वनि किती वाढवावा, किती दाबावा, कोणती चाळणी लावावी, हें सर्व ठरवावें लागतें. जोराचा वारा सुटला तर तबकडी तोंड वर करून निजवून टाकावी लागते. ही आज्ञा वेळेवर पोहोंचली नाहीं, तर नुकसान ताऱ्यांचें होत नाहीं, पोलादाचें होतें.

मध्यवर्ती इमारतींतून निघालेली आज्ञा प्रकाशतंतूंवरून प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशीं असलेल्या एका संगणकाकडे जाते. हा पायथ्याचा संगणक म्हणजे त्या तबकडीचा कारभारी. पण कारभारी स्वतः नांगर धरीत नाहीं. त्याच्या हाताखालीं लहान लहान नियंत्रक कार्डें असत, त्यांस मॉनिटर अँड कंट्रोल मॉड्यूल असें म्हणत. एका कार्डास १६ कळा चालू-बंद करतां येत आणि ६४ ठिकाणचे विद्युत्‌दाब वाचतां येत. ह्या कार्डाच्या हृदयस्थानीं जर्मनीच्या सीमेन्स कंपनीची ८०५३५ ही चिप होती. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९८० सालीं ८०५१ नांवाची चिप काढली. ८०५३५ ही तिच्याच कुळांतील, कांहीं अधिक अवयव घेऊन जन्मलेली. अशा चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात: गणित करणारा मेंदू, स्मरण, घड्याळ आणि बोलण्याचें तोंड हीं सर्व एकाच तुकड्यावर.

कारभाऱ्यापासून कार्डांपर्यंत निरोप जाई तो तारांच्या एका जोडीवरून, आणि एका वेळीं एकच अक्षर-कण, म्हणजे बिट, ह्या रीतीनें. ह्या रीतीचें मर्म जुन्नरकरांस वेगळें समजावून देण्याची गरज नाहीं. कोंकणांतून वर येणारा सातवाहनकालीन व्यापार नाणेघाटाच्या अरुंद खिंडींतून जुन्नरास येई. तेथें बैलांचे तांडे रुंद मैदानांतल्याप्रमाणें जोडीनें चालूं शकत नसत. एकामागून एक, ओळीनें खिंड ओलांडावी लागे, आणि माथ्यावर आजहि दिसणारा दगडी रांजण जकातीचा होता असें परंपरा सांगते. एका अक्षराचे आठ बिट आठ तारांवरून एकदम पाठविणें म्हणजे मैदान. एकाच तारेवरून ओळीनें पाठविणें म्हणजे नाणेघाट. घाटाला वेळ लागतो खरा, पण वाट एकच बांधावी लागते, आणि ती लांबवर नेतां येते.

ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समधील तारायंत्र खात्यांतील एमिल बोदो ह्यानें १८७४ सालीं पांच खुणांच्या संचानें अक्षरें पाठविण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. त्याच्याच नांवावरून निरोपाच्या गतीच्या मापास बॉड म्हणतात. पुढें तारायंत्राच्या छापणाऱ्या यंत्रांत अशी शिस्त आली कीं, प्रत्येक अक्षराच्या आधीं एक आरंभखूण आणि शेवटीं एक विरामखूण द्यावी. ऐकणाऱ्यानें आरंभखूण दिसतांच आपलें घड्याळ सुरू करावें आणि नेमक्या अंतरानें एकेक बिट टिपावा. दोन्हीं टोकांस स्वतंत्र घड्याळें. मध्यें घड्याळाची तार नाहीं. खोडदच्या माळावर जी भाषा बोलली गेली, ती ह्या तारायंत्राचीच पणती होय.

आतां रजिस्टराकडे वळूं. मराठी घरांत रजिस्टर म्हटलें कीं शाळेचें हजेरीपुस्तक डोळ्यांपुढें येतें. चिपमधील रजिस्टर म्हणजे आठ खणांचें एक लहानसें फडताळ; प्रत्येक खणांत शून्य किंवा एक. पण हजेरीपुस्तक आणि हें रजिस्टर ह्यांत एक भेद आहे, आणि सगळी गंमत त्या भेदांत आहे. हजेरीपुस्तकांत लिहिलें म्हणून मुलगा वर्गांत उगवत नाहीं. येथें मात्र खणांत एक लिहिला कीं तारेवर विद्युत् खरोखर हालते. लिहिणें हीच कृति. ८०५१ च्या कुळांत बोलण्याचा कारभार मुख्यतः दोन रजिस्टरांवर चालतो. एस्‌कॉन हें नियमांचें: कोणत्या पद्धतीनें बोलावयाचें, कान उघडे ठेवावयाचे कीं नाहीं, अक्षर पुरें गेलें काय, नवें आलें काय, हें त्याच्या आठ खणांत. एस्‌बफ हें मालाचें: जें अक्षर पाठवावयाचें तें त्यांत ठेवावयाचें, जें आलें असेल तें त्यांतून उचलावयाचें. वस्तुतः एस्‌बफ ह्या एका नांवाखालीं दोन निरनिराळीं रजिस्टरें राहतात. लिहूं लागलें तर एक पुढें येतें, वाचूं लागलें तर दुसरें. एकाच दारावरच्या पाटीमागें दोन बिऱ्हाडें असावींत तसा हा प्रकार.

अक्षर आलें कीं चिप एस्‌कॉनच्या शेवटच्या खणांत एक मांडते. तें अक्षर उचलून तो खण शून्य करणें हें काम मात्र चिप करीत नाहीं. तें कार्यक्रम लिहिणाऱ्याचें. तो विसरला आणि पुढचें अक्षर येऊन पुरें झालें, तर एक अक्षर कायमचें नाहींसें होतें. कोणी ओरडत नाहीं, घंटा वाजत नाहीं. सेकंदास ९६०० बिटांच्या गतीनें आरंभ व विराम धरून दहा बिटांचें एक अक्षर साधारण एक सहस्रांश सेकंदांत येतें. १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालणारी ही चिप तेवढ्या वेळांत हजारभर लहान कृत्यें करूं शकते. हजार हा आंकडा मोठा वाटतो. पण त्याच वेळीं दाब वाचावयाचे, कळा सांभाळावयाच्या आणि कारभाऱ्यास उत्तरहि द्यावयाचें, म्हटलें कीं तो पुरवून वापरावा लागतो.

गतीचें गणित तर चांगल्या चांगल्यांना चकवितें. ८०५१ मध्यें स्फटिकाची गति बारांनीं भागली जाते, मग बत्तिसांनीं, आणि शेवटीं घड्याळाच्या रजिस्टरांत ठेवलेल्या पूर्णांकानें. स्फटिक ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असेल, तर ह्या भागाकारानंतर २८,८०० उरतात आणि तिनांनीं भागून बरोबर ९६०० येतात. ११.०५९२ हा वेडावांकडा आंकडा बाजारांत इतका खपला तो केवळ ह्यामुळें. तोच स्फटिक सरळ १२ मेगाहर्ट्झचा घेतला, तर ३१,२५० उरतात; तिनांनीं भागले तर १०,४१६ च्या वर येतात, म्हणजे गति साडेआठ टक्के जास्त. ऐकणाऱ्याचें घड्याळ आरंभखुणेपासून धांवूं लागतें आणि नवव्या बिटापर्यंत पाऊण बिटानें घसरतें. एका बिटाच्या जागीं शेजारचा वाचला जातो. पहिलें अक्षर कदाचित् बरोबर येईल, दुसरें चुकेल, तिसरें पुन्हां बरोबर. असा दोष शोधतांना माणूस तार तपासतो, जोडणी तपासतो, ऋतूस दोष देतो; आणि दोष असतो भागाकारांत.

सीमेन्सच्या शिल्पकारांनीं ह्यावर उपाय म्हणून ८०५३५ मध्यें गतीचें स्वतंत्र जनित्र घातलें. १२ मेगाहर्ट्झवरहि त्यांतून ४८०० किंवा ९६०० ही गति मिळते. उपाय उत्तम, पण त्याची कळ ज्या ठिकाणीं बसविली तें ठिकाण चमत्कारिक. ती बोलण्याच्या रजिस्टरांत नाहीं. ती दाब मोजणाऱ्या अवयवाच्या एडीकॉन नांवाच्या रजिस्टरांत, सर्वांत वरच्या खणांत आहे. आणि त्याच रजिस्टराच्या खालच्या तीन खणांत आठांपैकीं कोणत्या वाटेचा दाब मोजावयाचा तें लिहावें लागतें. म्हणजे पांचव्या वाटेचा दाब मोजण्याच्या नादांत एखाद्यानें सबंध रजिस्टर नव्यानें लिहून काढलें, तर वरचा खण पुसला जाऊन चिपची वाचाच बसते. मोजणारा मोजीत राहतो आणि सांगणारा मुका होतो. जाणता माणूस सबंध रजिस्टर कधीं लिहीत नाहीं. हवे तेवढेच खण बदलतो आणि बाकीच्यांस हात लावीत नाहीं. जें कार्ड चौसष्ट दाब मोजतें आणि तीं मापें त्याच तोंडानें कळवितें, त्यावर हा विवेक चैनीचा नव्हे, पोटापाण्याचा आहे.

एका जोडतारेवर अनेक कार्डें लावलीं, कीं आज्ञा कोणासाठीं आहे हें कळावें कसें, हा पुढचा पेंच. १९८३ सालीं ठरलेल्या आरएस-४८५ ह्या विद्युत्‌प्रमाणानुसार एका जोडीवर ३२ पर्यंत घटक बसूं शकतात आणि तार बाराशें मीटरांपर्यंत नेतां येते. पण सर्वांनीं सर्व कांहीं ऐकत बसावें तर प्रत्येकाचा वेळ दुसऱ्याचें पत्र वाचण्यांत जाईल. इंटेलच्या शिल्पकारांनीं ८०५१ च्या कुळांतच ह्याची सोय केलेली आहे. अक्षराच्या आठ बिटांस एक नववा बिट जोडतां येतो. नववा बिट एक असेल तर तें अक्षर पत्ता. शून्य असेल तर मजकूर. एस्‌कॉनच्या एका खणांत, एस्‌एम्-दोन हें त्याचें नांव, एक लिहून ठेवला कीं चिप केवळ पत्त्यांकडे लक्ष देते आणि मजकुराचीं अक्षरें तिच्या कानावरहि पडत नाहींत. आपला पत्ता आला तर ती तो खण शून्य करते, मजकूर घेते, आणि काम संपल्यावर पुन्हां एक लिहून झोंपी जाते. शिस्तीची अशी वाट प्रत्यक्ष सिलिकॉनमध्यें कोरून ठेवणें हें ह्या चिपच्या कर्त्यांचें मोठेंच दूरदर्शित्व म्हटलें पाहिजे. उत्तर देणाऱ्यास मात्र एक पथ्य पाळावें लागतें: आपलें शेवटचें अक्षर तारेवरून पूर्ण जाईपर्यंत तार सोडावयाची नाहीं, आणि गेल्यावर क्षणभरहि धरून ठेवावयाची नाहीं. एस्‌बफमध्यें अक्षर ठेवलें म्हणजे तें गेलें असें नव्हे. तें त्या वेळीं खिंडीच्या तोंडाशीं असतें.

दुर्बिणीच्या बाबतींत ह्या चाकरांवर आणखी एक बंधन आहे, जें कारखान्यांत नसतें. चाकरानें आवाज करतां कामा नये. १२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपच्या विद्युत्‌ठोक्यांचे पडसाद बाराच्या पटींत उमटतात: १४४, १५६, तसेंच ३२४ आणि ३३६. जीएमआरटी ज्या लहरी ऐकते त्यांत १५० आणि ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे आहेत. म्हणजे अब्जावधि वर्षांपूर्वीं निघालेल्या क्षीण लहरीशेजारीं दुर्बिणीच्या स्वतःच्या चाकराची कुजबुज ऐकूं येण्याचा धोका. असल्या यंत्रांना धातूच्या बंद पेट्यांत कोंडून ठेवावें लागतें आणि त्यांच्या तारा गाळणींतून बाहेर काढाव्या लागतात.

येथें कोणी विचारील, रजिस्टराचे खण हातानें लिहिण्याचा एवढा आटापिटा कशासाठीं? आज बाजारांतील तयार फलक घेतला तर एका ओळीच्या आज्ञेनें गति ठरते आणि अक्षर जातें. आंत कोणत्या रजिस्टराचा कोणता खण हालला हें पाहण्याची गरज पडत नाहीं. ही सोय वाईट आहे असें नव्हे. परंतु तयार आज्ञेच्या पोटांत दुसऱ्या कोणाचे निर्णय असतात. ती किती वेळ थांबते, तार केव्हां सोडते, चुकलेल्या अक्षराचें काय करते, हें तिच्या कर्त्यानें त्याच्या सोईनें ठरविलेलें असतें. ज्या पिढीनें खोडदचीं कार्डें घडविलीं तिला हें दुसऱ्यावर सोंपवितां येण्यासारखें नव्हतें. ८०५३५ मध्यें कार्यक्रम सांठविण्याची अंतर्गत जागाहि नाहीं; तो बाहेरील निराळ्या चिपवर ठेवावा लागतो. एक खण चुकला, तर चूक दुरुस्त करण्यास माणसानें कार्डापर्यंत जावें लागणार, आणि तें कार्ड कदाचित् दहा किलोमीटरांवर, पावसाळ्याच्या चिखलापलीकडे. म्हणून जें लिहावयाचें तें समजून लिहावयाचें, ही त्या कामाची रीत होती.

तिची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रजिस्टराशीं थेट बोलणारा कार्यक्रम एका चिपशीं लग्न लावून बसतो. कारखानदारानें ती चिप काढणें थांबविलें कीं ज्ञान निरुपयोगी होत नाहीं, पण कार्यक्रम होतो. २०१० नंतरच्या दशकांत जीएमआरटीचें नूतनीकरण झालें. एका वेळीं ऐकूं येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, आणि ह्याच ओघांत जुन्या जोडतारेच्या जागीं इथरनेटनें बोलणारीं नवीं नियंत्रक कार्डें आलीं. नव्या व्यवस्थेंत मध्यवर्ती इमारतीस कार्डाशीं जवळजवळ सरळ बोलतां येतें, आणि दोषाचा ठाव लवकर लागतो. सोय वाढली ह्यांत संशय नाहीं. मात्र एका तारेवर कोणता बिट कोठें उभा आहे हें एका माणसाच्या डोक्यांत पूर्णपणें मावत असे, ती स्थिति गेली.

ह्या चाकरवर्गाची परीक्षा पाहणारे प्रसंग वृत्तपत्रांत क्वचितच येतात. एक आला होता. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपीय अवकाश संस्थेचें शियापरेली नांवाचें यान मंगळावर उतरत होतें. त्याचा क्षीण रेडिओसूर कोट्यवधि किलोमीटरांवरून खोडदच्या तबकड्यांनीं प्रत्यक्ष उतरणीच्या वेळीं टिपला. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडें आधीं तो सूर तुटला. यान मंगळाच्या पृष्ठावर आदळलें होतें. त्या रात्रीं जगाचें लक्ष यानाकडे होतें, तें साहजिकच. पण मंगळाकडे तोंड वळवून, योग्य ग्राहक समोर आणून, शेवटच्या सुरापर्यंत स्थिर राहणें हें काम तबकड्यांच्या पायथ्यापासून केंद्रबिंदूपर्यंत बसलेल्या नियंत्रकांनीं केलें.

२०२० सालीं विद्युत् अभियंत्यांच्या आयईईई ह्या जागतिक संस्थेनें जीएमआरटीस अभियांत्रिकीच्या इतिहासांतील मैलाचा दगड म्हणून मान दिला. त्याच वर्षीं ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप निवर्तले होते. दर वर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त खोडदचें आवार लोकांस खुलें होतें, आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलें आपलीं यंत्रें मांडून बसतात. त्यांत आजहि एखादें टेबल असें असतें कीं जेथें एक लहानशी चिप, दोन तारा आणि लुकलुकणारा एक दिवा एवढाच ऐवज असतो. तयार फलकावरचा दिवा लावणाऱ्या मुलास शिक्षकानें विचारावयास हवें असें काय असेल, तर ह्या अक्षराचा विरामबिट केव्हां गेला, आणि तें तुला कोणत्या खणावरून कळलें.